घराचा हक्क आणि गरिबाचा वकील

मुंबई सात बेटांची होती त्या काळापासून वरळीच्या टोकाशीं कोळ्यांची वस्ती आहे. इंग्रजांनीं सतराव्या शतकांत बांधलेला किल्ला अजून तेथें उभा आहे, आणि समोरच्या पाण्यांत २००९ सालीं सागरी सेतु खुला झाला. जागेचें मोल वाढलें. घरांचे कागद मात्र पुष्कळ ठिकाणीं जुनेच राहिले. घर आजोबांच्या नांवावर, राहणारीं कुटुंबें चार, आणि वारसांची नोंद कोठेंच नाहीं, अशी स्थिति जुन्या कोळीवाड्यांत नवलाची नव्हे.

घरपट्टीची पावती जपून ठेवली कीं घर आपलें झालें, असा भाबडा समज असतो. पावतीनें कर भरल्याचें दिसतें, मालकी सिद्ध होत नाहीं. घर घेणाराचीहि अशीच फसगत होते. केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला. त्यासाठीं नोंदलेलें खरेदीखतच लागतें.

खरी कसोटी लागते ती सहीच्या वेळीं. पुनर्विकासाची वार्ता येते, भाऊ हक्कसोडपत्र पुढें करतो, आणि सासरीं गेलेली बहीण माहेर तुटूं नये म्हणून सही करून देते. हिंदु कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला आहे, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. वकिलाकडे जावें, तर फीचें भय वाटतें.

तें भय बाळगण्याचें कारण नाहीं. गरिबीमुळें कोणीहि न्यायास मुकूं नये, असें घटनेचें ३९-अ हें कलम १९७६ पासून सांगतें. त्यास अनुसरून झालेला १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. त्याच्या १२ व्या कलमान्वये प्रत्येक स्त्री, तिचें उत्पन्न कितीहि असो, मोफत वकिलास पात्र आहे. अनुसूचित जातिजमातींच्या व अपंग व्यक्तींसहि उत्पन्नाची अट नाहीं. इतर पुष्कळांना ती आहे. म्हणजे बाजारांत मासळीची टोपली घेऊन बसणारी कोळीणहि हा हक्क मागूं शकते. प्रकरणांत सकृद्दर्शनीं तथ्य मात्र असलें पाहिजे. चौकशीसाठीं १५१०० हा दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आहे.

ही मदत केवळ दिवाणी कोर्टापुरती नाहीं; न्यायाधिकरणापुढेंहि ती मिळते. वरळीच्या कोळ्यांनीं आपल्या गांवठाणाला झोपडपट्टी म्हणण्यास विरोध केला आहे. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या ४ थ्या कलमाखालीं एखादा भाग झोपडपट्टी म्हणून घोषित झाला, तर न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास राजपत्रांतील तारखेपासून अवघे ३० दिवस मिळतात. तेवढ्यांत कागद गोळा करून वकील गांठावा लागतो.

भावाबहिणींचा तंटा लोकअदालतींतहि मिटवितां येतो. दाव्यांत भरलेली कोर्ट फी तेथें तडजोड झाल्यास परत मिळते. परंतु त्या निवाड्यावर अपील नाहीं. म्हणून तडजोडीची अटन् अट समजून घेऊनच मान्यता द्यावी.

श्रोत्यांनीं एवढें अवश्य ध्यानांत ठेवावें: वकिलाचा सल्ला सहीच्या आधीं घ्यावयाचा असतो. सही झाल्यावर तोच वकील वर्षानुवर्षें झगडेल. सहीपूर्वीं त्याचें तासाभराचें वाचन पुरेसें ठरण्याचा संभव असतो.