फॉरमॅट मारण्याआधी



मी सांगलीत राहते आणि 2003 सालापासून घरीच मराठी डीटीपीचं काम करते. विद्यार्थ्यांचे प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, लग्नसराईत पत्रिका आणि श्रावण सरला की दिवाळी अंकांची पानं. माझा कॉम्प्युटर 2006 साली असेंबल करून घेतलेला. 80 जीबीची हार्ड डिस्क, 512 एमबी रॅम आणि विंडोज एक्सपी. घरी येणारे विचारतात, हे जुनं अजून का ठेवलंय? माझं मराठी टायपिंगचं पॅकेज हार्डवेअर लॉकवर चालतं, म्हणून. काडेपेटीएवढा तो तुकडा मशीनच्या मागे, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावावा लागतो. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. पॅकेज उघडलं नाही तर माझी चौदा-पंधरा वर्षांची पानंही उघडत नाहीत.

2017 च्या सप्टेंबरात एका संध्याकाळी वीज दोन-तीनदा गेली आणि आली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, ती बदलायचं मी पुढे ढकलत होते. मशीन चालू असतानाच बंद पडलं. सकाळी बटण दाबलं तर एक्सपीच्या पडद्यावरचं निळं आकाश आणि हिरवी टेकडी आलीच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर होता. त्याचा अर्थ असा : पुढील फाईल हरवली आहे किंवा बिघडली आहे, म्हणून विंडोज सुरू होऊ शकत नाही. खाली नाव होतं, सिस्टम 32 फोल्डरमधली एचएएल डॉट डीएलएल. आणि शेवटी सूचना, या फाईलची प्रत पुन्हा बसवा. दिवाळी अंकाची 64 पानं आत होती आणि छापखान्याला आठ दिवसांनी द्यायची होती.

दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्यानं पडदा पाहिला आणि म्हणाला, “ताई, विंडोज करप्ट झालीय. फॉरमॅट मारावं लागेल.” मी विचारलं, माझ्या फाइलींचं काय? तो म्हणाला, “डी ड्राइव्हवरचं राहील, सीवरचं जाईल.”

इथे मी थोडी थांबते, कारण हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकलं गेलं आहे आणि त्यानं फार नुकसान केलं आहे. लोकांना वाटतं, आपलं सगळं डी ड्राइव्हवर आहे. पण डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल सी ड्राइव्हवरच असते. माय डॉक्युमेंट्सही तिथेच. मराठी फाँट सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी आपल्या आईच्या आठवणी नव्वद पानं टाइप केल्या होत्या, डेस्कटॉपवरच. मशीन बंद पडलं, फॉरमॅट मारलं, नवी विंडोज आली, पानं गेली. काका पुन्हा लिहायला बसले नाहीत. त्यांचा तो चेहरा आठवला आणि मी त्या मुलाला म्हटलं, आज नको, उद्या सांगते.

माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. रात्री तो आला आणि सगळ्यात आधी म्हणाला, “मावशी, दुरुस्तीला हात नंतर लावू. आधी तुझं काम बाहेर काढू.” त्यानं कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क काढली, ती यूएसबीला जोडायचं एक अडॅप्टर आणलं होतं त्याला लावली आणि आपल्या लॅपटॉपवर उघडली. माझे सगळे फोल्डर जागेवर होते. विंडोज सुरू होत नव्हती, पण डिस्क जिवंत होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या रात्री कळलं. आम्ही डॉक्युमेंट्स घेतली, डेस्कटॉप घेतला आणि फाँट्सचं अख्खं फोल्डर घेतलं. फाँट कशासाठी? जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फाँट गेला की ‘महाराष्ट्र’ लिहिलेल्या जागी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मजकूर असून नसल्यासारखा.

अडॅप्टर नसेल तर सीडी किंवा पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स वापरता येतं. पपी लिनक्स नावाची एक छोटी प्रणाली जुन्या मशीनच्या थोड्या रॅममध्येही चालते. ती डिस्कवर काही बसवत नाही, नुसती उघडून दाखवते आणि कॉपी करू देते.

आता त्या हरवलेल्या फाइलीकडे येऊ. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत मशीनच्या आत हातोहात निरोप जातो. मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस आधी जागा होतो. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि डिस्कचा अगदी पहिला भाग वाचतो, फक्त 512 बाइट्सचा. तो भाग पुढच्याला निरोप देतो आणि एक्सपीमध्ये पाळी येते एनटीएलडीआर नावाच्या छोट्या फाइलीची. ती बूट डॉट आयएनआय नावाची चार-पाच ओळींची साधी मजकुराची फाईल उघडते. त्या ओळींत पत्ता असतो : विंडोज कुठल्या डिस्कवर, कितव्या पार्टिशनवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे. त्या पत्त्यावर जाऊन मग विंडोजचा गाभा आणि एचएएल डॉट डीएलएल उचलली जाते. एचएएल म्हणजे विंडोज आणि तुमचं हार्डवेअर यांच्या मधला दुभाषा.

पत्ताच चुकला तर काय होईल? पोस्टमन भलत्या गल्लीत जाईल आणि परत येऊन सांगेल, या नावाचं इथे कुणी राहत नाही. माझ्या मशीनचं नेमकं तेच झालं होतं. एचएएल आपल्या जागी सुखरूप होती, भाच्यानं लॅपटॉपवर ती मला दाखवलीसुद्धा. वीज जाताना बिघडली होती ती बूट डॉट आयएनआय, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. पडदा ज्या फाइलीचं नाव घेत होता, ती हरवलेलीच नव्हती.

आणि पडद्याचं ऐकून आम्ही सीडीवरची एचएएल आणून बसवली असती, तर गुंता वाढला असता. एक्सपीच्या सीडीवर एचएएल एक नसते, वेगवेगळ्या प्रकारच्या मशीनसाठी वेगवेगळ्या असतात. विंडोज बसवताना तुमच्या मशीनला लागू पडेल ती निवडली जाते आणि तिला एचएएल डॉट डीएलएल हे नाव दिलं जातं. सीडीवरची त्याच नावाची फाईल उचलून ठेवली, तर ती भलत्याच मशीनची निघू शकते.

डिस्क परत बसवली. 2006 साली विकत घेतलेली एक्सपीची मूळ सीडी मी कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवली होती. त्या सीडीवरून मशीन सुरू केलं. पहिल्या पडद्यावर दोन वाटा असतात : एंटर दाबलं की नवी विंडोज बसवायला सुरुवात होते आणि आर दाबलं की रिकव्हरी कन्सोल उघडतो. आर म्हणजे रिपेअर. तिथे चित्र नाही, माउस नाही, नुसती काळी पाटी आणि टाइप करायच्या आज्ञा. आधी चेकडिस्क चालवलं, स्लॅश आर लावून, म्हणजे डिस्कवरची खराब जागाही शोधली जाते. त्याला दोन तास लागले. मरणाला टेकलेल्या डिस्कवर हे दोन तास जड जातात, म्हणूनच कॉपी आधी काढायची. मग भाच्यानं बूटसीएफजी, स्लॅश, रीबिल्ड ही आज्ञा दिली. मशीननं डिस्क धुंडाळली, एक विंडोज सापडल्याचं सांगितलं आणि यादीत घालू का म्हणून विचारलं. आम्ही वाय दाबलं. नाव विचारलं, ते दिलं. पर्याय विचारला, तिथे स्लॅश फास्टडिटेक्ट लिहिलं. एक्झिट टाइप करून सीडी काढली.

हिरवी टेकडी आली. मी खरंच हात जोडले.

पण काम तिथे संपलं नाही. खराब जागेवर काही फाइलींची अक्षरं गेली होती. विंडोज चालत होती, पण प्रिंटर नेमून द्यायला गेलं की ती खिडकीच बंद पडायची. त्यावर एसएफसी स्कॅननाऊ नावाची आज्ञा आहे. ती विंडोजच्या सगळ्या संरक्षित फाइली तपासते आणि बिघडलेल्या बदलते. त्यासाठी एक्सपी डीएलएलकॅश नावाच्या फोल्डरमध्ये जादा प्रती ठेवते, तिथे प्रत नसेल तर सीडी मागते. माझी सीडी सर्व्हिस पॅक 2 ची होती आणि मशीनवर नंतर सर्व्हिस पॅक 3 चढवला होता. त्यामुळे सीडी घातली तरी ते चुकीची म्हणून नाकारत राहिलं. सर्व्हिस पॅक चढवताना त्याच्या फाइली विंडोजच्या आतच सर्व्हिसपॅकफाइल्स नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. फाइली तिथून घ्यायला सांगितल्यावर तपासणी पूर्ण झाली. ज्यांनी ते फोल्डर जागा मोकळी करायला म्हणून पुसलं असेल, त्यांना हा रस्ता नाही.

टायपिंगच्या पॅकेजची स्वतःचीही एक डीएलएल गेली होती. ती विंडोजची नव्हे, म्हणून एसएफसीला तिची ओळखच नाही. ती पॅकेजच्या सीडीवरून आणली. अशा वेळी इंटरनेटवर त्या फाइलीचं नाव शोधून मिळेल तिथून ती उतरवून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. ती कुठल्या आवृत्तीची आहे आणि तिच्यात आणखी काय घातलंय, हे उतरवून घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. विंडोजची फाईल विंडोजच्या सीडीवरून, पॅकेजची पॅकेजच्या सीडीवरून.

आणखी दोन प्रकार सांगते, कारण शेजारपाजारचे लोक अजूनही ते घेऊन माझ्याकडे येतात. मशीन सुरू होताना रोज एखाद्या विचित्र नावाची डीएलएल सापडत नाही अशी चौकट येते, पण बाकी सगळं नीट चालतं. बऱ्याचदा ती व्हायरसची फाईल असते. अँटिव्हायरसनं ती काढलेली असते, पण सुरुवातीच्या यादीत तिचं नाव उरलेलं असतं. ती फाईल शोधून परत आणायची नसते, यादीतलं नाव काढायचं असतं. एक्सपीमध्ये एमएसकॉन्फिगमधून ते काढता येतं. दुसरा प्रकार उलटा. पासवर्ड टाकला की विंडोज उघडते आणि लगेच बाहेर काढते, पुन्हा पुन्हा. तिथे बहुधा यूजरइनिट नावाची विंडोजचीच फाईल गेलेली असते. व्हायरस तिच्यात शिरतो आणि अँटिव्हायरस त्याच्यासकट तिलाही उचलून टाकतो. ही मात्र सीडीवरून परत आणावी लागते. आणि एनटीएलडीआर मिसिंग असा संदेश आला, तर घाबरण्याआधी पेनड्राइव्ह किंवा फ्लॉपी मशीनला लागून राहिलीय का ते पाहा. काढा आणि पुन्हा चालू करा. मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा नाण्यासारखा सेलही तपासा. तो उतरला की घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालात जातं आणि डिस्कबद्दलची नोंदही बायोस विसरू शकतो.

एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 ला बाजारात आली आणि 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं तिचा पाठिंबा थांबवला. तेव्हापासून माझ्या मशीनला नेटची वायर लावलेली नाही, पेनड्राइव्हही तपासूनच लावते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही नियमित पाठिंबा संपला, म्हणजे आता कितीतरी घरांतली मशीन जुन्यात जमा झाली. विंडोज 10 मध्येही एसएफसी आहे, पण तिथे आधी डिसम नावाची आज्ञा चालवून तिच्या प्रतींचा साठा दुरुस्त करून घ्यावा आणि मग एसएफसी चालवावी. घरातली कागदपत्रं, फोटो, हिशेब अशा मशीनवर असतील, तर आज मशीन चालतंय तोवरच त्यांची दुसरी प्रत काढा. विंडोज पुन्हा मिळते. काकांची नव्वद पानं कुठल्याच सीडीवर नव्हती.

दिवाळी अंकाची पानं वेळेत गेली. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. यूपीएसची बॅटरी बदलली आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली, म्हणजे तो कुठल्याही मशीनवर, लॉकशिवाय वाचता येईल. हे काम सावकाश होतं. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते. रूपांतर करणारा प्रोग्रॅम बहुतेक वेलांट्या नीट फिरवतो, पण जोडाक्षर आलं की चुकतो. रफारही कधी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक पान मी छापील प्रतीशी ताडून वाचते. दुपारी दोन ते चार, रोज आठ-दहा पानं. सध्या 2009 सालचं फोल्डर उघडलं आहे. त्यात मिरजेच्या एका सतारमेकर घराण्यावरचा लेख आहे, तंबोऱ्याच्या भोपळ्याबद्दलचा, आणि त्याच्या तिसऱ्या पानावर ‘तुंबा’ शब्दावरचा अनुस्वार मला आज दुपारी परत लावायचा आहे.