संसारातला वाटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



साथीच्या दिवसांतील घरगुती जीवनावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. साथीत ज्यांची माणसे गेली अशा भगिनीही येथे बसल्या आहेत. त्यांच्यापुढे पत्त्यांच्या आणि गाण्यांच्या गोष्टी सांगताना जीभ अडखळते. परंतु त्या दिवसांनी आपल्या घरांतले जे उघडे करून दाखवले ते विसरले जाऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. एकवीस दिवसांची म्हणून आलेली ही पाहुणी मेअखेरपर्यंत मुक्कामाला राहिली. लोकल बंद झाल्या. डोंबिवलीकरांना लोकल बंद म्हणजे काय, हे मी सांगायला नको! इतकी वर्षे 'हे' सकाळी डबा घेऊन जायचे आणि रात्री जेवायला यायचे. ते एकाएकी चोवीस तास घरात आले.

दोन खोल्या आणि पाच माणसे. ह्यांची कचेरी जेवणाच्या टेबलावर, मुलाची शाळा मोबाइलवर, मुलीचे कॉलेज पलंगावर, सासूबाईंचा जप खिडकीशी. आणि माझी जागा नेहमीचीच, ओट्यापाशी. कामाच्या मावशींना सोसायटीने मज्जाव केला. त्यांचा पगार आम्ही चालू ठेवला. काम मात्र माझ्याकडे आले. शिवाय दुधाच्या पिशव्या धुणे, भाजी पाण्यात घालून ठेवणे, आणि बसल्या जागी चार वेळा चहा!

दहाव्या दिवशी जेवणे झाल्यावर मी भांडी तशीच ठेवली, मुलाच्या वहीचे एक पान घेतले आणि दिवसभराची कामे लिहून काढली. तेवीस निघाली. त्यांतली एकोणीस माझ्या नावावर होती. सासूबाईंनी चष्मा लावून यादी मोठ्याने वाचली आणि ह्यांना म्हणाल्या, "भांडी तू घे. तुझ्या वडिलांनी कधी घासली नाहीत. पण तेव्हा मला यादी करायचेही सुचले नव्हते."

झाले! ह्यांच्याकडे भांडी आणि कुकर, मुलीकडे केरफरशी, मुलाकडे कपडे वाळत घालणे आणि घड्या. कुकरच्या शिट्ट्या लक्षात राहीनात, तेव्हा हे प्रत्येक शिट्टीला ओट्यावर आगपेटीची एक काडी मांडू लागले. कढई पहिल्या आठवड्यात तेलकटच निघे. मी ती पुन्हा घासली नाही, परत मोरीत ठेवली. काम दिले की पूर्ण द्यावे, हा त्यातला धडा.

कामे वाटली गेली आणि माझ्या हाताला रिकामा वेळ लागला. मग करमणुकीत मीही बसू लागले. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागले. ते पाहताना सासूबाई १९८७ सालच्या रविवारी चाळीतल्या एकाच टीव्हीपुढे कशी गर्दी होई, ते सांगत. दुपारी बदाम सात नाहीतर झब्बू. झब्बू देताना सासूबाई नातवंडांचीही गय करीत नसत. रविवारी पुण्याच्या नणंदेशी व्हिडिओवर गाण्याच्या भेंड्या. पलीकडचा आवाज उशिरा पोहोचे, म्हणून दहा आकडे मोजून झाले की नाहीत यावरच अर्धा वेळ भांडण!

मे महिन्यात ह्यांचा पगार कापला गेला. आठ दिवस त्यांनी ते कोणाला सांगितले नाही. एका रात्री ते भांडी विसळत होते, मी पुसत होते, तेव्हा नळाकडे पाहतच ते बोलले. भगिनींनो, समोरासमोर बसून जे सांगवत नाही, ते कधी कधी शेजारी उभे राहून सांगता येते. त्या रात्री खर्चाची वही आम्ही दोघांनी मिळून मांडली.

सर्वच घरांत असे झाले नाही. काही जणींना दार बंद होणे म्हणजे मारणाऱ्याबरोबर कोंडून घेणे होते. तक्रारी एवढ्या वाढल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये त्यांसाठी व्हॉट्सअॅपचा वेगळा क्रमांक द्यावा लागला.

आणि बाकीच्या घरांचे काय? सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, आणि जे थोडे पुरुष घरकाम करीत होते ते ९७ मिनिटे. मध्ये साथ येऊन गेली. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. वजाबाकी करून पाहा. अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ झाले. एवढी मोठी साथ, आणि फरक एका मिनिटाचा!

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, आणि पुढे ह्यांचा डबा पुन्हा सुरू झाला. तेव्हा मी यादी पुन्हा पुढे ठेवली. कुकर माझ्याकडे परत आला. रात्रीची भांडी ह्यांच्याकडेच राहिली. याला "मदत" म्हणू नये, असे मला वाटते. मदत शेजाऱ्याला करतात. घरातल्याचा वाटा असतो.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, कामे लिहा, पुढे नावे घाला. आणि तो कागद स्वतः वाचू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या.