डोंबारी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनात मी पुढाऱ्यांवरची एक कविता वाचली. तीत त्यांना मी 'डोंबारी' म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर कॉलेजातली एक मुलगी भेटायला आली. म्हणाली, "सर, माझी आजी दोरावर चालायची. तिनं कधी कुणाला फसवलं नाही."

मला उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन कोश काढला. मूळ शब्द 'डोम्ब'. गाऊन-वाजवून पोट भरणारा, गावकुसाबाहेरचा माणूस. त्यावरून आपला डोंबारी. बांबूंवर ताणलेला दोर, खाली ढोलकं बडवणारा बाप आणि वर आठ-दहा वर्षांची पोर. १८८० साली विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत देशी सर्कस उभी केली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा खेळ विनातंबू, विनातिकीट चालू होता.

आणि आपली भाषा बघा. मंत्र्यानं खर्चाची तोंडमिळवणी केली की ती 'तारेवरची कसरत'. त्यानंच गोंधळ घातला की 'डोंबाऱ्याचा खेळ'! 'कसरत' मूळ अरबी. आमच्या घरच्या उर्दूत 'कस्रत' म्हणजे विपुलता. पुन्हापुन्हा करून अंगात मुरवलं ती कसरत. ती डोंबाऱ्याच्या पोरीइतकी कुणी केली?

भाषातज्ज्ञ सांगतात, हाच 'डोम' शब्द हजारेक वर्षांपूर्वी इथून निघालेल्या लोकांबरोबर इराण, आर्मेनियामार्गे युरोपात गेला. वाटेत 'ड'चा 'र' झाला आणि डोमचा 'रोम'. तिकडेही त्यांच्यातले पुष्कळ जण गाण्या-बजावण्यावर, सर्कशीवर जगले. पाण्याला ते अजून 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक'. लोकांनी त्यांना 'जिप्सी' म्हणून हिणवलं. नाझींनी तर लाखोंनी मारलं. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. तिथं त्यांनी ठरवलं, आम्हाला आमच्याच नावानं हाक मारा. त्यांच्या बोलीत 'रोम' म्हणजे माणूस. नवरा, घरधनी, या अर्थानंही.

एकच शब्द. तिकडं बायको नवऱ्याला म्हणते, इकडं मी टाळ्यांसाठी वापरला.

कवितेतली ती ओळ मी काढून टाकली. दुसरा शब्द काही बसला नाही, तेव्हा कविताच बाजूला ठेवली. त्या मुलीला हे सांगायचं राहिलं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं. रेडिओ तिच्या घरी लागत असेल, तर पोरी, तुझ्या आजीला माझा सलाम सांग.