रिकाम्या खजिन्याचा हिशेब
(नांदेड येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'बुडत चाललेलं राज्य आर्थिक सुधारणांनी पुन्हा कसं उभं राहतं'. या विषयावर श्रीलंकेचं उदाहरण घेता आलं असतं. २०२२ मध्ये त्या देशाला परदेशी कर्जाचे हप्ते भरता आले नाहीत, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं आहे. पण तेवढं लांब जायची गरज नाही. आपण बसलो आहोत ती जमीन ज्या राज्यात होती, ते हैदराबाद राज्य १८५३ मध्ये असंच बुडालं होतं. तिजोरीत पैसा नव्हता आणि बाजारात पत नव्हती. तिथून ते सावरलं कसं, हे आज सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हैदराबादचं नाव निघालं की आपल्यातला एक मुलगा छाती फुगवतो आणि दुसरा मान खाली घालतो. एकाला शान आठवते, दुसऱ्याला १९४८ आणि रझाकार. दोघांनाही मी सांगतो, ते राज्य आपल्या मालकीचं नव्हतं. तेव्हाचा नांदेडचा विणकर असो की औशाचा कुणबी, तो रयत होता आणि रयतेला मत नव्हतं. आज आपण नागरिक आहोत. त्यामुळे अभिमान आणि शरम दोन्ही बाजूला ठेवून आपण ती वही उघडू शकतो. मुनीम जुनी वही उघडतो तेव्हा जमा किती आणि खर्च किती, एवढंच बघतो. तसंच बघू.

खजिना रिकामा झाला कसा? पहिलं कारण फौज. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. तिचा खर्च वर्षाला सुमारे चाळीस लाख. पगार थकला की कंपनी सरकार पैसे भरायचं आणि ते निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढायचं.

दुसरं कारण सावकारी. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी राज्याला उसने पैसे द्यायची. व्याज वर्षाला शेकडा चोवीसच्या घरात. १८२० नंतर रेसिडेंट मेटकाफ यांनी हा व्यवहार उघड केला आणि पुढे ती पेढी बुडाली. पण सवय गेली नाही. पेढ्या बदलल्या, अरब आणि रोहिले जमादार सावकार झाले, आणि देण्यापोटी तालुक्यांचा वसूल त्यांच्याकडे गहाण पडू लागला.

तिसरं कारण सगळ्यात खोल. सारा गोळा करण्याचं काम सरकार स्वतः करतच नव्हतं. तालुका मक्त्याने दिला जायचा. जास्त बोली लावेल त्याला तालुका. त्याने आधी रक्कम भरायची आणि मग रयतेकडून वसूल करायची. पुढच्या वर्षी कोणी जास्त बोली लावली तर याचा मक्ता गेला. मग हा माणूस विहिरीला पैसे देईल का? दुष्काळात सूट देईल का? तो एका वर्षात मिळेल तेवढं ओरबाडणार. आजही आपण नांदेड-लातूरकडे ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतो. काम गुत्त्याने देण्याची रीत आणि तो शब्द दोन्ही आपल्या बोलण्यात मुरले आहेत.

शेवट काय झाला? २१ मे १८५३ चा तह. कर्ज आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग या नळदुर्गाकडे मोडत होता. म्हणजे सरकारच्या उधारीत हा मुलूख गहाण पडला, आणि तिथल्या माणसाला कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. त्यांच्या जागी पुतण्या आला, मीर तुराब अली खान, म्हणजे पहिले सालार जंग. वय चोवीस. इथे बसलेल्या बऱ्याच जणांचं वय तेवढंच आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्यांनी केलेल्या कामात जादू काहीच नव्हती. सगळी हिशेबाची कामं होती. गहाण पडलेले तालुके एकेक करून जमादारांकडून आणि सावकारांकडून सोडवले. देणं ठरलेल्या वेळी द्यायला सुरुवात केली. ज्याचं देणं वेळेवर मिळतं त्याला बाजार पुन्हा पैसे देतो आणि कमी व्याजाने देतो, हे मोंढ्यातल्या पोरालाही माहीत असतं. राज्यालाही तोच नियम.

मग मक्ते मोडीत काढले. तालुकदार आता पगारी नोकर झाला. वसुलातला वाटा त्याचा नाही, महिन्याचा पगार त्याचा. हा बदल कागदावर लहान दिसतो, पण सगळी गोम त्यात आहे. कर गोळा करणाऱ्याचं पोट करावरच अवलंबून असेल तर तो रयतेचं रक्त काढणार. १८६५ मध्ये जिलाबंदी झाली. राज्याचे जिल्हे पाडले, प्रत्येक जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि त्याच्या हाताखाली दुय्यम आणि तिसरे तालुकदार. आपला नांदेड जिल्हा त्याच मांडणीतला.

जागोजागच्या टांकसाळी बंद करून नाणं हैदराबादेत पाडायला सुरुवात झाली. हाच 'हाली सिक्का'. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हाली आणि कलदार हे शब्द ऐकलेले असतील. हाली आपल्या राज्याचा रुपया, कलदार इंग्रजांचा. ज्या मुलखात गावागणिक नाण्याचा भाव बदलतो, तिथे व्यापाऱ्याआधी सराफ पैसे कमावतो. एक नाणं झालं आणि कापसाच्या व्यापाऱ्याला हिशेब सोपा झाला. धान्याच्या वाट्याऐवजी रोख सारा आला, जमिनीची मोजणी पुढे सुरू झाली, जिल्ह्यांना पोलीस आणि न्यायालयं मिळाली.

१८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत आले आणि सुमारे पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. इथे वही प्रामाणिकपणे वाचायला हवी. हे सगळं हिशेबाच्या शिस्तीने मिळालं नाही. १८५७ मध्ये सालार जंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, त्याची ती बक्षिशी होती. वऱ्हाड मात्र परत मिळालं नाही. त्यासाठी ते १८७६ मध्ये लंडनपर्यंत गेले. अखेर १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांच्या बदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिलं. एकदा गहाण टाकलेली जमीन सोडवणं किती अवघड असतं, हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला वेगळं सांगायला नको.

पुढच्या पिढीने हीच रीत चालवली. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडवरून मनमाडला जोडली गेली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये पोहोचली आणि लातूरच्या बाजारपेठेचं नशीब उघडलं. १९२२ मध्ये अकबर हैदरी यांनी अर्थखात्यात नवी पद्धत आणली. प्रत्येक खात्याला तीन वर्षांची रक्कम आधीच ठरवून द्यायची, म्हणजे वर्षअखेरीला उधळपट्टी नको आणि मध्येच हात पसरणंही नको. १९२९ मध्ये उद्योगांसाठी इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. १९३० मध्ये राज्याने रेल्वे विकत घेतली आणि १९३२ मध्ये त्या रेल्वेने सत्तावीस बसगाड्यांनिशी बससेवा सुरू केली.

आता खर्चाची बाजू. जहागिरी तशाच राहिल्या. निजामाची खासगी मिळकत, सर्फ-ए-खास, दिवाणीच्या बाहेरच राहिली. सुधारणा झाली ती दिवाणीच्या मुलखात, शेजारच्या जहागिरीतल्या शेतकऱ्याला तिचा वाराही लागला नाही. रोख सारा आला तेव्हा सुगीतच माल विकावा लागला आणि सावकाराचं फावलं. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. मराठी बोलणाऱ्या रयतेला, त्यात मराठी बोलणारे मुसलमानही आले, स्वतःच्या जमिनीचा कागद वाचायला दुसऱ्याकडे जावं लागे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे सारं वरून आलं. चांगला दिवाण होता तोपर्यंत ठीक. दिवाण बदलला तर जाब विचारणारं कोणी नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, आपल्याला सालार जंग नको, सालार जंगांची वही हवी. आणि ती वही वाचण्याचा हक्क आपल्याकडे आहे, जो आपल्या पणजोबांकडे नव्हता.

मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकता. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने सिंचन, रस्ते, शिक्षण अशा खात्यांत कोणता भाग किती मागे आहे ते पैशात मोजून दाखवलं. १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना ते कळलं? कोणत्या मोर्चात ही मागणी होती? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. वेळेवर न केलेला खर्च असा येतो, दुप्पट होऊन आणि टँकरमध्ये बसून.

नांदेड-वाघाळा महानगरपालिका दरवर्षी अंदाजपत्रक मांडते. लातूर महानगरपालिकाही मांडते. आपल्या मोहल्ल्यात नाली नाही म्हणून आपण नगरसेवकाच्या दारात जातो. त्याने 'निधी नाही' म्हटलं की परत येतो. निधी खरंच नाही, की होता आणि दुसरीकडे गेला? हे अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे. पाच जणांचा गट करा, एका प्रभागाचं एक वर्ष घ्या, किती मंजूर झाले, किती खर्च झाले आणि गुत्तेदार कोण, एवढं लिहून काढा. ती यादी मोहल्ल्यातल्या सगळ्यांना दाखवा, फक्त आपल्या लोकांना नाही. नाली धर्म विचारून तुंबत नाही.

आता घरातली वही. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मुनीम होते. शिक्षण सातवी. पण रोजमेळ रात्री जुळल्याशिवाय जेवायचे नाहीत. आज मी आपल्या पोरांची दुकानं बघतो. फॅब्रिकेशन, गॅरेज, फर्निचर, मोबाइल दुरुस्ती. हात सोन्याचे आहेत, वही नाही. माझ्या ओळखीतला एक पोरगा, वेल्डिंगचं काम उत्तम करतो. मशीन घ्यायला बँकेत गेला. बँकेने तीन वर्षांचा हिशेब मागितला, याच्याकडे एक कागद नव्हता. मग एका खासगी फायनान्सवाल्याकडून महिना शेकडा दोनने पैसे उचलले. महिना शेकडा दोन म्हणजे वर्षाला किती? चोवीस. दोनशे वर्षांपूर्वी निजामाला साधारण याच दराने बुडवलं होतं. एवढं मोठं राज्य जे व्याज सोसू शकलं नाही, ते आपलं दहा बाय बाराचं दुकान सोसेल का?

वही ठेवणं हा बनियाचा धंदा आणि आपला हुन्नराचा, असं आपल्यात म्हणतात. पण कुरआनातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मग दुकानात ते का विसरतो?

काम तीन ओळींचं आहे. रोजची आवक-जावक त्याच रात्री लिहा. दुकानाचा पैसा आणि घराचा पैसा वेगळा ठेवा, स्वतःला महिन्याचा पगार लावून घ्या, जसा तालुकदाराला लावला. आणि उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे असा कागद असेल, जो बँकेच्या टेबलावर ठेवता येईल.

कोणीतरी मोठा माणूस येऊन मराठवाडा उभा करील, याची वाट आपण फार बघितली. चोवीस वर्षांच्या त्या दिवाणाने आधी कोणाचं किती देणं आहे ते मोजलं आणि मग कामाला लागला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. शिबिर संपल्यावर जेवण आहे. जेवताना तुमच्या प्रभागाचे पाच जण शोधा आणि अर्जाचा मसुदा इथेच लिहून काढा. मी संध्याकाळपर्यंत थांबलो आहे, तपासून देतो.