यंत्राचे बंड आणि यंत्राची सेवा



यंत्रयुगाच्या भयकथांवर बोलताना आपण बहुधा बंडापासून सुरुवात करतो. ‘रोबो’ हा शब्दच कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून आला आणि त्या नाटकातले कृत्रिम कामगार शेवटी मालकांवर उलटतात. आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्येही धोका आहे तो यंत्रमानवाच्या महत्त्वाकांक्षेचा. मला मात्र या दोन्हींच्या आधीची, ई. एम. फॉर्स्टर यांची १९०९ची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा जास्त अस्वस्थ करते.

तिथले यंत्र बंड करत नाही, निमूट सेवा करते. माणसे जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात. कळ दाबली की अन्न, अंथरूण, औषध, संगीत हजर. बोलायचे ते पडद्यावरून. वाश्ती ही त्यांतली एक आई. खुर्चीतून न उठता व्याख्याने देते, श्रोतेही आपापल्या खुर्चीत. (२०२० साली आपण प्राध्यापक मंडळींनी दुसरे काय केले?) मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्याचा हट्ट एकच, पडद्यावर नको, प्रत्यक्ष ये. आकाशयानाने दोन दिवसांची वाट, पण तिला वेळ नाही. अखेर निघते, तेव्हा प्रवासात तिचा तोल जातो, सेविका सावरायला हात पुढे करते, आणि वाश्ती संतापते. परक्याने स्पर्श करणे म्हणजे रानटीपणा! यंत्रमानवांच्या कितीही लढाया वाचल्या तरी त्यांत मला हा प्रसंग सापडत नाही.

ही कथा सुरतेत शिकवताना एक अडचण येते. माझ्या वर्गात उधना, लिंबायतची खानदेशी मुले असतात. त्यांची घरे नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून भुसावळच्या गाडीने इथे आली. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, वाश्तीचा खाडा धरणारं कुणी नव्हतं ना?”

प्रश्न मार्मिक होता. वाश्तीला जाता येत होते, जावेसे वाटत नव्हते. मागावरच्या माणसाला जावेसे वाटते. पण मजुरी मीटरवर, खाडा पडला की बुडाली. गाव एका रात्रीच्या प्रवासावर असून आखाजी फोनवरच साजरी होते. झोक्यावरच्या बहिणी पडद्यात दिसतात, आई फोन झोक्यापाशी धरून उभी असते. या फोनला मी खलनायक म्हणणार नाही. त्याच्याआधी मनीऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळींवर वर्ष काढावे लागे.

तरीही फॉर्स्टर इथे परका नाही. पूर्वी सणाला मुऱ्हाळी यायचा. लेकीला न पाठवणे सासरला जड जायचे, चार लोकांत बोलणे व्हायचे. आता ‘कालच तर फोनवर पाहिलंस, मग जायचं कशाला?’ हे वाक्य घरात नवरा म्हणतो, कारखान्यात मुकादम म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला चटकन उत्तर सुचत नाही. भेटीची जागा फोनने घेतलेली नाही. भेट नाकारणाऱ्याच्या हाती त्याने एक सोयीचे कारण दिले आहे. मराठी विज्ञानकथेने या वाक्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही, असे माझे मत आहे.

त्या विद्यार्थिनीने एक गोष्ट लिहायला घेतली आहे. तीत रजेचा अर्ज केला की रजेऐवजी अर्ध्या तासाचा पडदा मंजूर होतो. संवाद अहिराणीत आहेत. शेवट कसा करू, असे ती विचारते. मी अजून सांगितलेले नाही.