अंथरूण पाहून परदेश

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



आमच्या हिंगणघाटात एखाद्या मुसलमान माणसाच्या हाती पासपोर्ट दिसला, की लोकांचा एकच प्रश्न असतो, ‘काऊन भाऊ, हजले चालले का?’ दुसऱ्या कुणाच्या हाती दिसला, तर विचारतात, ‘पोरगा अमेरिकेत हाय का?’ म्हणजे परदेशी जायला एक तर देवाचे बोलावणे हवे, नाही तर मुलाचे, असा आपल्याकडचा समज. तिसरा मार्ग कंपनीच्या सहलीचा. त्याचा आकडा ऐकला की माणूस माहितीपत्रकातले फोटो पाहून समाधान मानतो. मी आज चौथ्या मार्गाबद्दल बोलणार आहे. आपणच ठरवायचे, आपणच तिकिटे काढायची आणि बेताच्या पैशात दुसरा देश पाहून यायचे.

हा मार्ग आपल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. धर्मानंद कोसंबी गोव्यातून विद्येच्या ओढीने निघाले आणि १९०२ साली सिंहलद्वीपाला पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले. खिशात पैसा नव्हता. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचले तर ते कळते. आयुष्याच्या अखेरीस ते आपल्या सेवाग्रामला आले आणि १९४७ च्या जूनमध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतच भिक्खूची दीक्षा घेतली आणि नंतर वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम अनेक वर्षे पाहिले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्यांनीच अनुराधपूरहून आणलेल्या रोपाचा. तेव्हा वर्धा आणि श्रीलंका यांच्यात येणे-जाणे जुने आहे.

हे सगळे मला माझ्या शेजारच्या गुरुजींनी सांगितले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीला टेकलेले, हृदयात दोन स्टेंट. दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात, त्या झाडाला वंदन करतात. त्या झाडाचे मूळ झाड डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची एकच इच्छा. त्यांनी एका सहल कंपनीकडे चौकशी केली. आकडा ऐकून म्हणाले, ‘कवीसाहेब, एवढ्यात तर नातीचं कॉलेज होते.’ आणि विषय बंद. पण पाय चालतात तोवरच ही गोष्ट होणार होती, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मग ते दोघे आणि आम्ही दोघे असे चौघे वर्षभर तयारी करून २०२५ च्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाऊन आलो. खर्च कंपनीच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आला. कसा, ते सांगतो.

पहिली पायरी पासपोर्ट. प्रवास ठरो न ठरो, तो काढून ठेवावा. साध्या छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क दीड हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा आणि ठरल्या दिवशी केंद्रावर जायचे. नागपूरला मोठे केंद्र आहेच; २०१७ पासून अनेक ठिकाणी टपाल कार्यालयांतही केंद्रे निघाली. अर्ज भरताना जवळचे केंद्र कोणते ते दिसते.

अवघड काम शुल्काचे नसते, नावाचे असते. माझ्या बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी, आधार कार्डावर ‘शेख’ शेवटी, आणि मतदारयादीत ‘शेख’ गायब होऊन नावाला ‘बी’ जोडलेले. गुरुजींच्या पत्नीचे तर दाखल्यावर माहेरचे नाव आणि बाकी सगळीकडे सासरचे. एकाच बाईच्या तीन बाया सरकारी कागदांत नांदत होत्या! विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढले, आधार दुरुस्त केले. तीन महिने त्यातच गेले. पण ते टाळून चालत नाही, कारण विमानाच्या तिकिटावर पासपोर्टातलेच नाव, त्याच अक्षरांत लागते. आडनावाचा रकानाही रिकामा ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणे बंद केले आहे. आमच्या समाजात एकेरी नावाच्या बायका पुष्कळ, म्हणून मुद्दाम सांगतो.

पासपोर्ट घरी आला त्या दिवशी माझी बायको तो हातात घेऊन बराच वेळ बसली. घर माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, रेशन कार्डावर ती ‘पत्नी’. म्हणाली, ‘यात मी कुनाच्या खाली नाही.’ मी तीस वर्षे कविता लिहितो. असे वाक्य मला सुचले नाही.

दुसरी पायरी, देश आणि ऋतू निवडणे. पहिल्या खेपेला जवळचा देश बरा. नेपाळला तर भारतीयांना मतदार ओळखपत्रावरही जाता येते. श्रीलंकेचे घड्याळ आपल्याच वेळेचे, जेवण भाताचे, आणि आपल्या एका रुपयाला तिथले तीनहून जास्त रुपये. पावसाचे मात्र पाहावे लागते. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर तो मे ते सप्टेंबर, तर उत्तरेकडे अनुराधपूरच्या बाजूला ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला. जाणाऱ्याने बातम्याही पाहाव्यात. २०२५ च्या नोव्हेंबरात दित्वा वादळाने तिथल्या रेल्वेमार्गांची मोठी हानी केली, तेव्हा कोणता मार्ग चालू आहे याची खात्री करूनच बेत आखावा.

तिथे जाण्याआधी संगणकावरून प्रवासाची परवानगी काढावी लागते. तिचे शुल्क आणि सवलती २०२३ पासून अनेकदा बदलल्या, म्हणून कुणा मित्राच्या अनुभवावर विसंबू नका. सरकारी संकेतस्थळच उघडा. हुबेहूब दिसणारी दलालांची पाने शोधात वर येतात आणि त्याच कामाचे जादा पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी त्या देशाच्या सरकारची खूण आहे का, ते आधी पाहावे.

तिसरी पायरी तिकिटांची. मुंबईहून जायचे की चेन्नईहून, यावर आमच्या ओट्यावर महिनाभर खल झाला. नकाशा समोर ठेवला तर उत्तर सोपे होते. वर्ध्याहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि चेन्नईहून कोलंबो विमानाने जेमतेम दीड तास. म्हणून सेवाग्राम स्टेशनवरून रेल्वेने चेन्नई आणि पुढे विमान. मात्र मधे चेन्नईत एक रात्र राखली. रेल्वेचे आणि विमानाचे तिकीट वेगवेगळे असले, की गाडी उशिरा पोचल्याची जबाबदारी विमान कंपनी घेत नाही. एका रात्रीच्या खोलीभाड्यासाठी चार तिकिटे पणाला लावण्यात शहाणपण नाही.

एके काळी तर रामेश्वराजवळच्या धनुष्कोडीहून आगबोट श्रीलंकेच्या तलैमन्नारला जात असे. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळाने धनुष्कोडीच उद्ध्वस्त केली. २०२३ च्या ऑक्टोबरात नागपट्टिणमहून कांकेसंतुरईला बोट सुरू झाली. पण ती हवामानानुसार बंद-चालू होत राहिली. वेळ हाताशी असेल त्याने चौकशी करून तिचा विचार करावा.

विमानाचे स्वस्त तिकीट दिसले, की आधी सामानाचे वजन पाहा. पुष्कळदा त्या भावात हातातली सात किलोची पिशवीच असते आणि पेटीचे पैसे वेगळे. आम्ही चौघांत दोनच पेट्यांचे पैसे भरले. गुरुजी म्हणाले, ‘भिक्खूला तीन चीवरं पुरतात, आपल्याले चार जोडी काऊन पाह्यजे?’

राहण्यासाठी खोल्या घेताना ‘रद्द केल्यास पैसे परत’ असे लिहिलेल्याच घेतल्या. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, कातुनायकेला आहे. त्याच्या जवळचे गाव निगोंबो. पहिली रात्र तिथल्या एका घरगुती ठिकाणी काढली. दुसऱ्या दिवशी लाल सरकारी बसने कुरुनेगलामार्गे अनुराधपूर. आपल्या एसटीचीच बहीण म्हणा. फरक एवढाच, की पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते. भाडे इतके कमी, की गुरुजींच्या पत्नींनी कंडक्टरला दोनदा विचारून खात्री केली.

आता पैशांचे. परदेशात कार्ड वापरले, की बहुतेक बँका दोन-तीन टक्के वर घेतात. दुकानदार यंत्रावर विचारतो, भारतीय रुपयांत भरू की इथल्या? इथल्याच म्हणावे, भारतीय म्हटले की भाव त्यांच्या मर्जीचा. विमानतळावरच्या खिडकीत गरजेपुरतेच बदलावे. श्रीलंकेत २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपले यूपीआय सुरू झाले आहे, पण निघण्याआधी आपल्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. प्राचीन स्थळांच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. परदेशी सहलीचे पॅकेज घेतले, की कंपनी त्यावर आयकराची काही रक्कम आगाऊ कापते. विवरणपत्र भरून ती परत मिळते, पण तोवर अडकते. नुसते विमानाचे तिकीट, किंवा नुसती खोली, हे पॅकेज धरत नाहीत.

काटकसर कुठे करू नये, तेही सांगतो. प्रवास विमा घ्यावाच, आणि घेताना आधीचा आजार लपवू नये. गुरुजींच्या स्टेंटमुळे त्यांचा हप्ता आमच्याहून बराच जास्त आला. ते म्हणाले, ‘राहू द्या, लिहू नका.’ त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘लिहा.’ आम्ही लिहिले. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो, आणि परक्या मुलखातल्या इस्पितळाचे बिल वाचवलेल्या हप्त्याच्या कैक पट असते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. सगळ्या कागदांची एक प्रत सोबत आणि एक घरी मुलाकडे.

अनुराधपूरला आम्ही दोन दिवस राहिलो. संघमित्रेने भारतातून नेलेल्या फांदीचा तो वृक्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत. हात लावता येत नाही. अनवाणी उभे राहून पाहायचे. पांढऱ्या कपड्यांतली माणसे फुले घेऊन येत होती. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली पडलेले एक पान त्यांच्या पायाशी आले, ते त्यांनी उचलले, कपाळाला लावले आणि पुन्हा जमिनीवर ठेवले. म्हणाले, ‘आपल्या नागपुरात हाय.’ दुसरा दिवस शुक्रवार. मी गावातल्या मशिदीत नमाज पढून आलो, तर शेजारच्या सफेतले तमिळ बोलणारे एक बुजुर्ग माझे बोट धरून चहाला घेऊन गेले. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. चहाचे पैसे मात्र त्यांनी देऊ दिले नाहीत, आणि ते न देऊ देण्याचे हातवारे अगदी हिंगणघाटचेच होते.

श्रोतेहो, कंपन्यांच्या सहली वाईट असतात असे मी म्हणत नाही. ज्यांना धावपळ झेपत नाही, त्यांची त्या मोठी सोय करतात. पण पैसा कमी आहे म्हणून जग आपले नाही, असे ज्यांनी मनाशी धरले आहे त्यांनी एवढे करावे: नावे तपासावीत, पासपोर्ट काढावा, एक देश निवडावा आणि दरमहा थोडे बाजूला टाकावे. थेंबे थेंबे तळे साचते, तसा तिकिटाचा पैसाही साचतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहाणपण खरेच. पण तेवढ्यासाठी पाय जन्मभर पोटाशी धरून बसायची गरज नाही.

आता आमच्या गुरुजींची नात विचारते, ‘आजोबा, आता कुठं?’ गुरुजी नेपाळ म्हणतात. लुंबिनी तिथेच आहे ना! माझी बायको मात्र समरकंद म्हणते, आणि हल्ली हिशेबाची वही तिच्याकडे असते.