कापूर जळता कामा नये

दत्ताचं गाणगापूर आपल्याच अफजलपूर तालुक्यात, तेव्हा कापराची ओळख करून द्यायला नको. आरतीत तो उघड्यावर पेटतो आणि त्यातला कार्बन ज्योतीत, काजळीत निघून जातो. याच कापरापासून कार्बनच्या नॅनोनळ्या वाढवता येतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शरॉन यांनी कापरापासून कार्बन बनवण्यावर काम केलं. २००३ मध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी जपानमधून नळ्यांची सोपी रीत प्रसिद्ध केली.

साधन मोठं नाही. क्वार्ट्झची लांब नळी, तिच्याभोवती विजेची भट्टी. एका टोकाला कापूर आणि थोडं फेरोसीन. त्यांची वाफ आर्गॉन वायूबरोबर नऊशे अंशांच्या भागात जाते आणि फेरोसीनमधून सुटलेल्या लोखंडाच्या कणांवर नॅनोनळ्या धरतात.

कॉलेजात अशी भट्टी आली की सगळे तापमानाचा आकडा बघत बसतात. अरे बाबांनो, सांधे बघा! हवा आत शिरली की कापराची आरतीच होणार. कोळसा पाडणाऱ्याला विचारा. लाकडं रचून तो वरून मातीनं लिंपतो आणि रात्रभर भट्टीभोवती फिरतो. भेग दिसली की ओला चिखल. एखादी नजरेतून सुटली, तर सकाळी कोळशाच्या जागी राख. आपल्या नळीच्या टोकांवरच्या रबरी रिंगा म्हणजे तो चिखल. भट्टीला खेटल्या तर त्या करपतात, म्हणून नळी दोन्हीकडे वीतभर तरी बाहेर हवी. बाहेर पडणारा वायू तेलाच्या बाटलीतून जाऊ द्या. आर्गॉन सोडलाय आणि बाटलीत बुडबुडा नाही, तर सांधा गळतोय. भट्टी चालू करू नका.

भट्टी निवतानाही तेच. कोळसेवाला तापलेली भट्टी उघडत नाही. उघडली की निखारे पेट घेतात. आपण मात्र आर्गॉन महाग म्हणून लवकर बंद करतो, पाचची बस गाठायची म्हणून नळी गरम असतानाच उघडतो. मग तो काळा थर डोळ्यांदेखत जळून जातो आणि तळाशी लोखंडाची तांबूस भुकटी उरते. दिवसभराची मेहनत गेली! नळी पुरती निवेपर्यंत आर्गॉन चालूच ठेवा.

ती काळी भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून काय करायचं, यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. मास्क आणि ओढपंखा तर लागतोच, पण... वेळ संपत आला. सांध्यांचं तेवढं पुन्हा सांगतो. कापूर ठेवण्याआधी आर्गॉन सोडून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा, फेस येतो का बघा. दोन्ही टोकांना.